आठ वाजून बारा मिनिटांची खिडकी

ही गोष्ट ज्ञानदा स्वतःच सांगते. टोकियोजवळच्या इचिकावात कुणाकडे गौरीचं जेवण असो किंवा ओजिमाच्या बागेत सतरंजीवर डबे उघडलेले असोत, कुणी नवखं माणूस "तुम्ही इथे काय करता?" असं विचारतं आणि तिचा नवरा स्वप्निल ताट उचलून लांब जाऊन बसतो. पुढचा पाऊण तास त्याला तोंडपाठ आहे. सांगताना ती स्वतःला जरा जास्तच झोडपते, आणि मध्ये एका जागी तिचा आवाज बसतो तो बसतोच. तेवढं सोडलं तर सगळं घडलं तसंच सांगते.

पुण्यातल्या एका तंत्रनिकेतनात ज्ञानदा आठ वर्षं संगणक शिकवायची. शिकवायची म्हणजे पोरांना धाकात ठेवायची. "तुमचा प्रोग्राम वापरणारा माणूस जगातला सर्वात मूर्ख माणूस आहे असं समजून लिहा," हे तिचं लाडकं वाक्य. दुसरं लाडकं वाक्य, "प्रत्येक प्रोग्रामने रोजनिशी ठेवलीच पाहिजे. काय बिघडलं ते माणसांना विचारू नका, रोजनिशीला विचारा." पोरं ही वाक्यं वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तिलाच परत देत, त्यामुळे ती आपल्याला फार नेमकं कळतं अशा समजुतीत होती.

मग स्वप्निलला टोकियोच्या एका बँकेत काम मिळालं. दोन वर्षांसाठी म्हणून निघालेली ही मंडळी, कडेवर दोन वर्षांची लेक कादंबरी, अशी ओजिमाच्या सरकारी वसाहतीत सातव्या मजल्यावर येऊन उतरली. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. या काळात ज्ञानदाने कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे पाठ केलं, भाषेच्या परीक्षा दिल्या, इचिकावात घर बदललं आणि "मिसेस काय करतात?" या प्रश्नावर स्वप्निल "सध्या घरीच" म्हणाला की हसून दाखवायची सवय केली. हसणं चांगलं जमायचं. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जोरात घासली जायची.

इचिकावात नाशपातीच्या बागा आहेत. बागायतदारांनी मिळून चालवलेलं एक छोटं केंद्र आहे, आणि ऑगस्ट लागला की लोक तिथे फोन करून पेट्या पाठवायला सांगतात, कुणी जुन्या साहेबांना, कुणी गावच्या मावशीला, कुणी ओबोनसाठी. ओबोन म्हणजे आपल्या पितरांसारखे दिवस, घरातली गेलेली माणसं तेवढ्यापुरती परत येतात असं इथे मानतात. त्या केंद्रात ज्ञानदाला मोसमापुरतं अरुबाइतो मिळालं, म्हणजे तासांवरचं काम. दोन मोसम तिने पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसऱ्या मोसमाआधी ती केंद्राच्या व्यवस्थापकांकडे, किमुरा-सानकडे गेली, सान म्हणजे इथलं आदराचं राव किंवा बाई, आणि म्हणाली, "मागण्या वहीत लिहिता, त्याऐवजी मी एक प्रोग्राम करून देते."

किमुरा-सान म्हणाले, "विचार करू." चार बैठका आणि तीन महिने विचार झाला. मग त्यांनी होकार दिला, आणि अकरा वर्षांनी ज्ञानदा कोड लिहायला बसली. पहिल्या दिवशी ती जेवायची विसरली. दुसऱ्या दिवशी कादंबरीला शिकवणीहून आणायची विसरली.

प्रोग्राम झाला. पडद्यावर एक पिवळी नाशपाती, तिच्यावर दोनदा टिचकी मारायची की खिडकी उघडणार, नाव, पत्ता, किती पेट्या ते भरायचं, आणि मागणीला क्रमांक पडणार. उघडायला आठ सेकंद लागत, कारण आधी पडदाभर नाशपातीचा एक फोटो यायचा. त्या फोटोची काही गरज नव्हती. तो ज्ञानदाने काढला होता, एवढंच. शिवाय तिने सात पायऱ्यांचा एक सूचनाफलक तयार केला, त्याला प्लॅस्टिक लावून घेतलं आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, "पायऱ्या क्रमानेच कराव्यात." पायरी पहिली, नाशपातीवर दोनदा टिचकी मारा.

केंद्रात संगणक एकच, फोनच्या टेबलावरचा. आणि ते टेबल इशिबाशी-सान यांचं.

इशिबाशी-सान बहात्तर वर्षांच्या. सव्वीस मोसम त्या याच फोनवर बसत होत्या. "हॅलो" ऐकल्यावर समोर कोण आहे हे त्यांना कळायचं, आणि पेट्यांच्या आधी गुडघ्याची चौकशी व्हायची. लोक नाशपातीसाठी फोन करत की इशिबाशी-सानसाठी, हे किमुरा-साननाही नक्की सांगता आलं नसतं. संगणकाला मात्र त्या पाहुण्यासारख्या वागवत. उंदराला हात लावण्यापूर्वी हात पुसत.

पहिल्याच दिवशी त्यांनी नाशपातीवर दोनदा टिचकी मारली, वाट पाहिली, काही दिसेना म्हणून पुन्हा दोनदा मारली. फोटो दोनदा आला आणि दोन खिडक्या उघडल्या. ज्ञानदाने गोड हसून एक बंद केली आणि मनात म्हणाली, सापडला, जगातला सर्वात मूर्ख माणूस सापडला.

आता खरं तर तिथेच तिने थांबायला हवं होतं. एकच प्रोग्राम एका वेळी दोनदा सुरू होऊ नये यासाठी काय करावं, हा प्रश्न तिने पुण्यात आठ वर्षं, आठ गुणांना घातला होता. उत्तरात खाडाखोड केली तर एक गुण कापायची. आणि स्वतःच्या प्रोग्रामात तेवढंच लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, तिला वाटलं कशाला? बाईंना दोनदा समजावून सांगितलं की झालं.

पहिला आठवडा छान गेला. ज्ञानदा सकाळी सव्वाआठच्या आत सायकलवर पोचायची, आल्या आल्या संगणक लावायची, प्रोग्राम उघडून डोळे भरून बघायची आणि चहाचं पाणी ठेवायला जायची. साडेआठला इशिबाशी-सान यायच्या. दुपारी बारा ते एक त्या डबा खायला जात, तेव्हा फोन ज्ञानदाकडे. त्या तासात एखाददुसराच फोन यायचा, पण ती त्याची वाटच बघत असायची. आदबीची जपानी बोलून मागणी लिहून घेतली की तिला आपण इथेच जन्मलो असं वाटायचं. त्या वेळी तिला पडद्याच्या खाली दोन खिडक्या घडी करून ठेवलेल्या दिसत. "पुन्हा दोनदा उघडलं बाईंनी," असं पुटपुटत ती त्यातली पहिली उघडायची, मागणी भरायची आणि परत खाली ठेवून द्यायची. दुसरीला हात लावायची नाही. अर्धवट काही असलं तर उगाच पुसलं जायला नको, हा तिचा समंजसपणा.

दुसऱ्या आठवड्यात फोन यायला लागले. पेटी पोचली नाही. एक, मग आणखी दोन, मग पाच. पाचवा फोन फुनाबाशीच्या एका बाईंचा. त्यांच्या सासूबाई वारल्यानंतरचा हा पहिला ओबोन, आणि सेंदाईला दिराच्या घरी फोटोपुढे ठेवायची पेटी गेलीच नव्हती. त्या बाईंनी आधी तीनदा माफी मागितली, कामाच्या घाईत त्रास देते म्हणून, आणि मग सांगितलं. शोधलं तर मागणीची नोंदच नव्हती. इशिबाशी-सान म्हणाल्या, "मी घेतली होती, सकाळची पहिलीच. त्या बोलता बोलता रडल्या होत्या." किमुरा-सान स्वतः गाडी काढून सेंदाईला पेटी पोचवायला गेले. जाऊन येऊन दहा तास.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना बोलावलं. ओरडले नाहीत. इथे ओरडत नाहीत. नुसतं टेबलाकडे बघून म्हणाले, "असं का होत असावं?"

ज्ञानदाचा हात वर गेला नाही एवढंच, बाकी ती वर्गातल्या पहिल्या बाकावरच होती. तिने सांगितलं की प्रोग्राम दोनदा उघडला तर दोन्ही खिडक्या आपापला क्रमांक मोजत बसतात. दोन्हींनी एकच क्रमांक दिला की नंतरची मागणी आधीच्या मागणीवर बसते आणि आधीची पुसली जाते. मग ती वळली. "इशिबाशी-सान, तुमच्याकडून प्रोग्राम दोनदा उघडला जातो का?"

इशिबाशी-सान उठून उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "अतिशय दिलगीर आहे. माझ्यामुळे सर्वांना त्रास झाला."

झालं! ज्ञानदाच्या दृष्टीने खटला संपला. ती वाढली सदाशिव पेठेत. तिच्या घरात माफी मागणं म्हणजे शेवटचा उपाय. सगळे पुरावे समोर आले, साक्षीदार फुटले, तरी वडील म्हणत, "तसं बघायला गेलं तर..." अशा घरात वाढलेल्या बाईसमोर कुणी न भांडता वाकलं, तर तिने दुसरा काय अर्थ घ्यावा? या देशात गाडी दोन मिनिटं उशिरा आली तरी ज्याने ती चालवलेली नाही तो माफी मागतो, दाराशी आपल्यामुळे अडकलेला माणूसच आपल्याला माफ करा म्हणतो, अकरा वर्षं ती हे रोज बघत होती. पण रस्त्यावरचं वेगळं. इथे ती परीक्षक होती.

"तिने लगेच कबूल केलं रे," ती घरी आल्यावर म्हणाली. "मला वाईटच वाटलं जरा."

स्वप्निलने लॅपटॉपमधून मान वर केली. "पण प्रोग्राम दोनदा उघडू नये असा सिंगल इन्स्टन्सचा चेक का नव्हता टाकला तू?"

"टाकतेय ना आता," ज्ञानदा म्हणाली. आवाज जरा चढलाच होता.

तिने टाकला. पहिला प्रयत्न सोपा होता. प्रोग्राम सुरू होताना एक छोटी फाईल ठेवायची, बंद होताना ती काढायची, आणि फाईल दिसली की दुसऱ्या प्रोग्रामने मागे फिरायचं. केंद्रातल्या स्वच्छतागृहाच्या दारात एकच सपातांचा जोड असतो, सपाता जागेवर नसल्या की आत कुणीतरी आहे असं समजायचं, तसंच हे. गडबड एवढीच, की घरी करून बघताना लॅपटॉप मध्येच बंद पडला तेव्हा फाईल तशीच राहिली, आणि कुणीही आत नसताना प्रोग्राम "आत आहे, आत आहे" म्हणून हटून बसला. पहिल्या मोसमात ज्ञानदा त्या सपाता पायात तशाच ठेवून बागायतदारांना चहा द्यायला गेली होती, आणि बाकीचे लोक तासभर रिकाम्या स्वच्छतागृहाबाहेर अदबीने उभे होते. आता तिच्या प्रोग्रामने तेच केलं. मग तिने ती खूण फाईलमध्ये न ठेवता यंत्राच्याच ताब्यात दिली, म्हणजे प्रोग्राम कसाही मेला तरी खूण त्याच्याबरोबर जाणार. हे मात्र चोख जमलं. आणि दुसऱ्यांदा उघडू बघणाऱ्यासाठी तिने एक लाल चौकट केली, ठणकन आवाजासकट: "हा प्रोग्राम आधीच उघडलेला आहे! पुन्हा उघडू नये!"

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजून गेले आणि ठण्ण झालं. ज्ञानदा चहाचा कप घेऊन आली. इशिबाशी-सान लाल चौकटीपुढे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"पुन्हा दोनदा उघडलंत," ज्ञानदा समजुतीने म्हणाली. "ही बघा, तुमची खिडकी इथे खाली आहे. ती वर घ्यायची."

"दिलगीर आहे," इशिबाशी-सान म्हणाल्या.

त्यानंतर रोज सकाळी ठण्ण. रोज दिलगिरी. आणि एकही मागणी हरवली नाही! ज्ञानदाच्या मते याहून मोठा पुरावा नव्हता. बागायतदार येता-जाता आवाज ऐकत आणि एकमेकांकडे बघत. आठवड्याच्या शेवटी किमुरा-सान तिला म्हणाले, इशिबाशी-सानना संगणक जड जातोय, तेव्हा ओबोननंतरच्या सोमवारपासून त्या मागच्या शेडमध्ये पेट्यांच्या चिठ्ठ्या बघतील. फोनचं टेबल ज्ञानदा-सान सांभाळतील, आणि मोसमापुरतं नव्हे, वर्षभराच्या करारावर. सोमवारी दहा वाजता बागायतदारांची बैठक आहे, त्यात प्रोग्रामबद्दल थोडं सांगाल का?

वर्षभराचा करार. आता "सध्या घरीच" नाही. ती सायकलवरून घरी जाताना उतारावर पाय वर घेऊन गेली, हे ती स्वतः सांगते. इशिबाशी-सानचं काय, हा विचार तिच्या मनात आला का? आला. पण शेडमध्ये निवांत बरं, या वयात फोनची दगदग कशाला, असं तिने स्वतःला पटवलं. दुसऱ्याच्या सोयीचं पटवून घ्यायला तिला फार वेळ लागत नाही, विशेषतः त्यात आपलीही सोय असली की.

रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर बैठकीची तयारी करायला बसली. तक्ता करायचा होता, पुराव्यानिशी. आणि तेव्हा तिला आठवण झाली की प्रोग्राम रोजनिशी ठेवतोय. तिनेच तसं लिहिलं होतं. केव्हा उघडला, केव्हा मागणी घेतली, कुठल्या खिडकीतून. दोन आठवडे मागण्या हरवत होत्या, आणि रोजनिशीला विचारा म्हणून घसा कोरडा करणाऱ्या बाईंनी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. माणसाला विचारलं होतं, आणि माणूस वाकला होता.

तिने वाचायला सुरुवात केली. पहिली खिडकी आठ वाजून बारा मिनिटं. दुसरी खिडकी आठ एकतीस. दुसऱ्या दिवशी आठ बारा, आठ बत्तीस. तिसऱ्या दिवशी आठ तेरा, आठ एकतीस.

"हे घड्याळ चुकलंय," ती म्हणाली.

स्वप्निल पोहे खात होता. "का?"

"इशिबाशी-सान साडेआठला येतात. मग आठ बाराला कोण उघडेल?"

तिने घड्याळ तपासलं, बरोबर होतं. मग तिने ठरवलं की संगणक लावल्यावर प्रोग्राम आपोआप उघडत असणार. तेही नव्हतं. मग व्हायरस. मग किमुरा-सान गुपचूप येऊन काहीतरी बघत असावेत अशी एक शंका तिने सविस्तर मांडली. स्वप्निल ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ते भाव येत होते, जे तिने उघडी टाकलेली डब्यांची झाकणं, कपाटाची दारं आणि नळ बघताना येतात.

"तू सकाळी गेल्यावर आधी काय करतेस?" त्याने विचारलं.

"काही नाही. संगणक लावते, प्रोग्राम एकदा बघते..."

"आणि बंद करतेस?"

"म्हणजे काय, खाली ठेवते."

खुर्चीवर पाय घेऊन बसलेल्या कादंबरीने फोनमधून डोळेही वर केले नाहीत. "मामा जान," ती जपानीत म्हणाली. म्हणजे, आईच की.

ज्ञानदाने रोजनिशी पुन्हा पहिल्या ओळीवर नेली. मग सगळं आपोआप उलगडत गेलं आणि ते थांबवता येईना. आठ बाराची खिडकी तिची. ती कालच्या शेवटच्या क्रमांकावर अडकून खाली पडून राहायची. इशिबाशी-सान आपली उघडून सकाळभर मागण्या घ्यायच्या. दुपारी ज्ञानदा खालची पहिली खिडकी वर घ्यायची, तिच्या खिडकीला सकाळचं काहीच ठाऊक नसायचं, आणि तिची मागणी नेमकी दिवसाच्या पहिल्या मागणीवर जाऊन बसायची. तिने हरवलेल्या पाच मागण्या काढल्या. पाचही दिवसाच्या पहिल्या. फुनाबाशीच्या त्या रडणाऱ्या बाईंच्या नोंदीवर ज्ञानदाने आपल्या आदबशीर जपानीत चिबाच्या एका दंतवैद्यांच्या दोन पेट्या चढवल्या होत्या.

आणि रोजचं ठण्ण? तेही तिचंच. प्रोग्राम आधीच उघडलेला आहे, असं तिची चौकट रोज सकाळी इशिबाशी-सानना बजावत होती, आणि तो उघडून ठेवलेला होता ज्ञानदाने.

"पण मग ती बोलली का नाही?" ज्ञानदा ओरडली. "सॉरी का म्हणाली?"

"तू विचारलंस कसं, सगळ्यांसमोर?" स्वप्निल म्हणाला. त्याने पोह्यांची बशी उचलून सिंकमध्ये ठेवली आणि नळ बंद केला.

सोमवारी ती सव्वाआठला पोचली आणि संगणकाला हातही लावला नाही. उभी राहिली. साडेआठला इशिबाशी-सान आल्या, शेडमधल्या कामाचे नवे हातमोजे पिशवीतून डोकावत होते. त्यांनी टेबल पुसलं, फोन पुसला, फोनची वायर सरळ केली. मग खुर्चीवरची उशी उचलली, सव्वीस वर्षांत तिचा मधला भाग कागदासारखा पातळ झाला होता, ती चौघडी करून पिशवीत घातली आणि पिशवीचा बंद दोन्ही हातांनी खांद्यावर घेतला.

इथे ज्ञानदाचा आवाज बसतो.

तिने सांगितलं. जपानी आदबशीर राहिली नाही, क्रियापदं कुठेही पडली, पण सांगितलं. पहिली खिडकी माझी होती. मागण्या मी पुसल्या. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

इशिबाशी-साननी पिशवी दाराशी टेकवली. मग म्हणाल्या, "खाली एक खिडकी असते हे मला रोज दिसायचं."

"मग तुम्ही तीच का नाही वापरलीत?"

त्यांनी प्लॅस्टिक लावलेल्या फलकाकडे बोट केलं. "पहिली पायरी, नाशपातीवर टिचकी. क्रमानेच करावं असं तुम्ही लाल अक्षरांत लिहिलं आहे. आणि ती खिडकी तुम्ही माझ्यासाठी उघडून ठेवता असं मला वाटायचं, थांबावं लागू नये म्हणून. तुमच्या मायेमुळे घोटाळा होतोय असं किमुरा-सानसमोर कसं सांगायचं?"

माया! ज्ञानदाला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. आळसाने उघडी टाकलेली खिडकी, आणि ही बाई तिला माया समजून तीन आठवडे पाठीशी घालत होती.

"बैठकीत सांगू नका," इशिबाशी-सान हळूच म्हणाल्या. "मला आता किती मोसम राहिले आहेत? तुमचं तर आत्ता सुरू होतंय."

दहा वाजता ज्ञानदा बारा बागायतदारांसमोर उभी राहिली. करार हातचा जाणार हे तिला लख्ख दिसत होतं आणि क्षणभर, ती हेही लपवत नाही, क्षणभर तिला वाटलं की नाहीच सांगितलं तर काय होईल? इशिबाशी-साननीच तसं म्हटलं आहे. मग तिने दाराशी टेकवलेली ती पिशवी पाहिली, आणि कमरेत वाकली, जमेल तेवढी खाली. "चूक माझी होती. इशिबाशी-सानची नव्हे. अतिशय दिलगीर आहे."

बागायतदारांनी माना डोलावल्या. किमुरा-सानचा चेहरा उजळला. "ज्ञानदा-साननी सहकाऱ्याची चूक स्वतःकडे घेतली," ते म्हणाले. "किती मोठं मन!" दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या.

कोपऱ्यातून इशिबाशी-सान उठल्या आणि वाकल्या. "नाही, चूक माझीच होती."

"बघा!" एक म्हातारे बागायतदार भारावून म्हणाले.

ज्ञानदा हादरली. खरी माफी मागितली होती आणि ती कुणी खरी धरायलाच तयार नव्हतं! आता सदाशिव पेठ तिच्या मदतीला धावली. तिने तक्ता पडद्यावर लावला, जो स्वतःच्या कौतुकासाठी करायला घेतला होता तोच, आणि वाद घालायला उभी राहिली. आठ बाराला केंद्रात कोण होतं? फक्त मी. ही सायकलतळावरच्या नोंदीतली माझी वेळ, आठ दहा. ही हरवलेली मागणी, दिवसातली पहिली. ही तिच्यावर बसलेली मागणी, बारा वाजून वीस मिनिटं. बारा ते एक फोनवर कोण असतं? मी. कुणी म्हणालं, यंत्राचा दोष असेल. तिने तो मुद्दा खोडला. कुणी म्हणालं, शिकवणं कमी पडलं असेल. तेही खोडलं. "इशिबाशी-साननी फक्त माझ्या फलकावर लिहिलं होतं ते केलं. फलकही चूक, चौकटही चूक." चाळीस वर्षांत ती पुष्कळ वाद जिंकली होती, पण स्वतःला दोषी ठरवण्यासाठी एवढा घाम कधी गाळला नव्हता. शेवटी टाळ्या पूर्ण थांबल्या. सगळे टेबलाकडे बघू लागले तेव्हा तिला कळलं की पटलं.

किमुरा-साननी तक्ता पुन्हा वरपासून खाली वाचला. मग म्हणाले, "फोन इशिबाशी-सानकडेच राहील. कराराचा पुढच्या वर्षी विचार करू." विचार करू म्हणजे बहुधा नाही, हे ज्ञानदाला आता कळत होतं.

त्याच दुपारी तिने प्रोग्राम बदलला. लाल चौकट काढली, ठण्ण काढलं, नाशपातीचा फोटोही काढला. आता कुणी कितीही वेळा टिचकी मारली तरी नवी खिडकी उघडत नाही. आधीची असेल तीच निमूट वर येते आणि कुणाला काही ऐकवत नाही. हे करायला अठरा मिनिटं लागली.

निघताना ती फोनच्या टेबलापाशी गेली. इशिबाशी-सान परत आपल्या जागेवर होत्या. ज्ञानदा पुन्हा वाकायला लागली तर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "ज्ञानदा-सान," त्या म्हणाल्या, आणि या वेळी पुढे दिलगिरी नव्हती, गोड हसणं नव्हतं, भुवया जवळ आल्या होत्या. "उद्यापासून मी यायच्या आधी माझ्या संगणकाला हात लावायचा नाही. कळलं?"

अकरा वर्षांत या देशात तिला कुणी असं तोंडावर रागावलं नव्हतं. "हो," ज्ञानदा म्हणाली, आणि सायकल काढताना तिला रडू आलं, पण वाईट वाटून नव्हे.